नेटो, ब्रुटो आणि माईंची न्हाणी

जर्मनीत सिमेंटचं पोतं पंचवीस किलोचं येतं. आपल्याकडचं पन्नासचं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका गवंड्याने अर्धा टन सिमेंट मागितलं आणि मी पुण्याच्या सवयीने बिलात दहा पोती लिहिली. तो साइटवर पोचला, त्याने पोती मोजली, आणि परत येऊन काउंटरवर दोन्ही हात टेकवून मला म्हणाला, "फ्राऊ कदम, तुमच्या देशात अर्धा टन एवढाच असतो का?" मागे उभे असलेले सगळे हसले. मीही हसले, आणि मग आत जाऊन थोडी रडले.

त्यानंतर अठरा वर्षं त्याच काउंटरवर काढली. मागच्या वर्षी निवृत्त झाले.

दुकान न्युरेम्बर्गच्या दक्षिण टोकाला. दिवे, पडदे, कुंड्या ठेवणाऱ्या झगमगीत दुकानांपैकी नव्हे. पुढे ऑफिस आणि लांबलचक काउंटर, मागे यार्ड. यार्डात वीट, वाळू, लाकूड, फरश्या, पाइप, आणि त्यांच्यामधून पळणाऱ्या फोर्कलिफ्ट. सकाळी साडेसहाला दार उघडलं की गवंडी, फरशीवाले, छप्परवाले आपापल्या व्हॅन लावून आत यायचे. त्यांना वेळ नसायचा. आठनंतर घरमालक यायचे. त्यांना वेळच वेळ असायचा, आणि प्रश्नही.

मी मूळची बी.कॉम. लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं पुण्यात एका विक्रीकर सल्लागारांकडे काम केलं होतं. मिस्टरांना इथल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी लागली म्हणून आलो. मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत मी घरीच होते. तिच्याबरोबरच जर्मन शिकले. ती पुढे गेली, मी मागे राहिले. आता मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं चालतं. नोकरी शोधायला गेले तेव्हा कळलं की माझ्या पदवीचा आणि अनुभवाचा इथे काही उपयोग नाही. विक्रीकराच्या अपिलांचे मसुदे करणारी मी पोत्यांची बिलं करायला बसले. सुरुवातीला कमीपणा वाटायचा. नंतर मात्र गंमत वाटू लागली, कारण पुण्यात जे कागदावर पाहिलं होतं ते इथे माणसं होऊन समोर उभं राहायचं.

आता ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडंसं सांगते, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर आहे.

जर्मनीत विटांवर, सिमेंटवर, फरशीवर, खिळ्यावर एकोणीस टक्के कर आहे. त्याला मेहरवेर्टश्टॉयर म्हणतात. कराशिवायची किंमत ती नेटो, करासकटची ती ब्रुटो. आमच्याकडे येणारा कारागीर आम्हाला एकोणीस टक्के देतो, पण तो नोंदणी केलेला धंदेवाला असल्यामुळे सरकारकडे हिशेब देताना ते वळते करून घेतो. म्हणून तो फक्त नेटो बघतो. घरमालकाला वळतं करून घेणारं पुढे कोणी नाही. साखळी त्याच्यापाशी संपते, आणि कर खऱ्या अर्थाने त्याच्या खिशातून जातो. त्याने ब्रुटो बघायला हवं. पण तोही नेटोच बघतो, कारण तो आकडा लहान असतो.

शिवाय काही मालाला वेगळा दर. जळणाच्या लाकडाला सात टक्के. एक गृहस्थ छपराला लावायच्या पट्ट्यांचा आख्खा गठ्ठा घेऊन काउंटरवर आले आणि म्हणाले, "मी हे जाळणार आहे. सात टक्के लावा."

मी म्हटलं, "इतकं चांगलं, रंधा मारलेलं लाकूड जाळणार?"

"लाकूड माझं, शेगडी माझी."

"जाळा. पण आम्ही ते जाळायला विकत नाही, त्यामुळे एकोणीस."

त्यांनी एकोणीस टक्के दिले आणि जाताना छपराला लागणारे खिळेही घेऊन गेले.

मग सोलरचं आलं. घरावर बसवायच्या सोलर पॅनेलवरचा कर सरकारने शून्य केला. एक बाई बाल्कनीत लावायचा संच घ्यायला आल्या. मी त्यांना सांगितलं की संचाबरोबर जे जे येतं त्या सगळ्याला शून्य. ते बरोबर होतं. तीन आठवड्यांनी त्या नुसते स्क्रू आणि साधी केबल घ्यायला आल्या. माझ्या जागी दुसरी सहकारी होती. तिने एकोणीस टक्के लावले, तेही बरोबर होतं, कारण सुटे स्क्रू म्हणजे सुटे स्क्रू. बाईंनी आरडाओरडा केला की फ्राऊ कदमनी शून्य सांगितलं होतं, मला लेखी द्या, मी वकिलाकडे जाते.

आमचे व्यवस्थापक हेर फोग्ल यांनी मला आत बोलावलं. इथे हेर म्हणजे श्रीयुत, फ्राऊ म्हणजे श्रीमती. माणूस शांत होता. म्हणाले, "फ्राऊ कदम, तुम्हाला कराचं कळतं हे मला माहीत आहे. पण या देशात करसल्ला द्यायला परवाना लागतो. तो तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. आपण माल विकतो. किंमत सांगा, कर सांगा, आणि गप्प बसा."

"जा," मी म्हटलं. म्हणजे हो. जर्मनमधला हा शब्द मला मराठीपेक्षा लवकर तोंडात येतो.

हे मी सविस्तर सांगते आहे कारण पुढे मी याच वाक्याच्या आड लपले.

त्या उन्हाळ्यात एक दिवस दहाच्या सुमाराला सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ काउंटरवर आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात आमचं बिल. मागून एक तरुण मुलगी घाईघाईने येत होती. गृहस्थांनी माझी नावाची पट्टी वाचली आणि एकदम मराठीत सुरू झाले.

"अहो ताई, बरं झालं तुम्ही भेटलात. फळीवर फरशी चिकटवायच्या चिकटमातीचं पोतं अठरा युरो नव्वद. बिलात बावीस एकोणपन्नास. हा काय प्रकार?"

"अप्पा, मी सांगितलं ना, तो टॅक्स आहे," मागची मुलगी म्हणाली. ती सायली. गृहस्थ तिचे सासरे. सांगलीकडे बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढलेले.

"टॅक्स मला शिकवू नकोस. आमच्याकडे सिमेंटवर अठ्ठावीस टक्के आहे. पण टॅक्स तरी जुळायला नको? मी बावीस एकोणपन्नासमधून एकोणीस टक्के काढले. अठरा बावीस आले. फळीवर अठरा नव्वद. अडुसष्ट सेंट कुठे गेले?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला, पण सेंटपर्यंत हिशेब करून कोणी आलं नव्हतं. मी कागद घेतला. "अप्पा, शंभराच्या मालावर एकोणीस कर, झाले एकशे एकोणीस. आता एकशे एकोणिसाचे एकोणीस टक्के काढले तर बावीसच्या वर होतात. करावरही कर काढल्यासारखं झालं. उलटं जाताना वजा करायचं नाही, एक पूर्णांक एकोणीसने भागायचं."

अप्पांनी पेन काढलं, भागाकार केला, खाली रेघ ओढली. "अठरा नव्वद. जुळलं." मग फळीवरची पट्टी पुन्हा जाऊन पाहून आले. "खाली बारीक अक्षरात बावीस एकोणपन्नास लिहिलंय की. चष्मा घरी राहिला."

अशी आमची ओळख झाली.

सायली एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिचा नवरा निखिल इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, सकाळच्या गाडीने जायचा आणि संध्याकाळी उशिरा यायचा. दोघांनी साठच्या दशकातलं एक जुनं, एकमेकांना जोडलेल्या घरांच्या ओळीतलं घर घेतलं होतं. त्यात न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि आंघोळ करायची तर गुडघ्याएवढ्या उंच टबात चढून. सायलीच्या सासूबाईंना, माईंना, ते दोन्ही अशक्य. त्यांचे गुडघे गेले होते आणि ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. म्हणून तळमजल्यावरच्या एका खोलीत सपाट जमिनीची न्हाणी करायची ठरली, म्हणजे दरवर्षी तीन महिने दोघांना इथे येऊन राहता आलं असतं. माईंची अट एवढीच होती, आंघोळीसाठी कोणी हाताला धरायला लागू नये.

माल त्यांनी आमच्याकडून, स्वतःच्या नावावर घेतला. कामाला माणूस हवा होता. आणि त्याच वेळी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला हेर केस्लर उभा होता.

केस्लर फरशीवाला. साठीचा, एकटाच काम करणारा. चौदा वर्षं रोज सकाळी पावणेसातला माझ्यासमोर यायचा. त्याची फरशी बघायला मी एकदा एका घरी गेले होते. कोपऱ्यात दोन फरश्यांची रेघ अशी जुळलेली की नखाला लागत नव्हती. त्याचं नाव मीच सायलीला सुचवलं, हे आधीच सांगून टाकते.

तो घरी जाऊन खोली पाहून आला आणि दोन दिवसांनी काउंटरवरच त्यांची बोलणी झाली. सायली, अप्पा, केस्लर, आणि पलीकडे मी.

"मिट रेख्नुंग ओडर ओहने?" केस्लरने विचारलं. बिलासकट की बिलाशिवाय?

सायलीला क्षणभर कळलं नाही. त्याने समजावलं. मजुरी सहा हजार. बिल दिलं तर वर एकोणीस टक्के, सात हजार एकशे चाळीस. बिल नको असेल तर रोख सहा हजार. "मलाही बरं पडतं," तो म्हणाला.

सायली माझ्याकडे वळली. "काकू, काय करू? अकराशे चाळीस युरो वाचतात. आत्ताच घराचं कर्ज सुरू झालंय."

मला उत्तर माहीत होतं. सगळं उत्तर माहीत होतं. बिलाशिवाय काम म्हणजे कर चुकवणं, आणि त्यात देणारा नि घेणारा दोघेही अडकतात, हे तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असा करार इथल्या कायद्याने करारच नसतो. काम बिघडलं तर दुरुस्ती मागता येत नाही, पैसेही परत मागता येत नाहीत. आणि तिसरी गोष्ट, जी ऐकली असती तर सायलीने एका मिनिटात निर्णय घेतला असता. स्वतःच्या राहत्या घरातल्या कारागिराच्या मजुरीपैकी वीस टक्के आपल्या आयकरातून वजा होतात, वर्षाला जास्तीत जास्त बाराशे. फक्त बिल हवं आणि पैसे बँकेतून दिलेले हवेत. म्हणजे बिल घेऊन तिचे बाराशे वाचले असते, आणि न घेऊन वाचत होते अकराशे चाळीस. बिल घेणं साठ युरोंनी स्वस्त होतं!

मी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हटलं, "मला इथे यावर बोलता येत नाही गं. तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी ठरवलं. रोख.

न्हाणी तीन आठवड्यांत झाली. सायलीने फोटो दाखवले. फिकट राखी फरशी, भिंतीला पकडायला दांडा, घडीचं बसायचं स्टूल. अप्पा-माई महिनाभर ती वापरून सांगलीला परत गेले. माईंनी माझ्यासाठी सायलीबरोबर भाजणी पाठवली. मी मनात म्हटलं, चला, सगळं नीट झालं.

अप्पा-माई पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आले. मधल्या काळात ती न्हाणी कोणी वापरत नव्हतं, सायली आणि निखिल वरचीच वापरायचे. माईंच्या रोजच्या आंघोळी सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत सायली माझ्या काउंटरवर आली. तिने मोबाइल पुढे केला. फोटो होता तळघराच्या छताचा. इथे घराखाली केलर असतो, तळघर. न्हाणीच्या बरोबर खाली छतावर परातीएवढा काळा डाग, आणि त्याच्या मधोमध थेंब.

"केस्लर फोन उचलत नाहीये. एकदा उचलला, म्हणाला बघतो, मग नाहीच. ऑफिसमधल्या एकीचा नवरा वकील आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, बिल नाही तर काहीच करता येणार नाही." तिने मोबाइल पिशवीत टाकला. "काकू, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मी हेर फोग्लची ताकीद सांगितली. परवाना, सल्ला, नोकरी.

"तुम्ही मराठीत बोलला असतात तर तुमच्या साहेबांना काय कळणार होतं?"

याचं खरं उत्तर चांगलं नव्हतं. ताकीद हे निमित्त होतं. केस्लर चौदा वर्षं आमचं गिऱ्हाईक होता, समोर उभा होता, आणि त्याच्या तोंडावर त्याचा व्यवहार मोडायचा मला संकोच वाटला. त्यात आपल्या माणसांचे हजारभर युरो वाचताहेत याचं मला जरासं बरंही वाटलं होतं.

"माई कुठे आंघोळ करतात आता?" मी विचारलं.

"करत नाहीत. खुर्चीवर बसून ओल्या पंच्याने अंग पुसतात. काल म्हणाल्या, तिकीट बदलून देता येईल का बघ."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला केस्लर आला. चिकटमातीची सहा पोती मागितली. मी बिल केलं नाही. म्हटलं, "हेर केस्लर, पाच मिनिटं यार्डात येता?"

यार्डात विटांच्या ढिगाऱ्याशेजारी उभे राहिलो. मी सांगितलं की केलरमध्ये पाणी गळतंय. तो खाली बघत म्हणाला, "कायद्याने मी काही देणं लागत नाही."

"माहीत आहे. म्हणून मी सांगत नाहीये, विचारते आहे."

मग सायलीकडून आदल्या दिवशी कळलेलं मी सांगितलं. अप्पांना केलरमध्ये कोपऱ्याला लावायच्या जलरोधक पट्टीचं बंडल सापडलं होतं. न फोडलेलं. बिलावर एकच बंडल होतं, आणि ते तसंच पडलेलं. म्हणजे फरशीखाली कोपऱ्यांना पट्टी लागलीच नव्हती. मागच्या वर्षी काम चालू असतानाच अप्पा निखिलला म्हणाले होते की कोपरे तसेच राहिलेत, पण भाषा येत नाही म्हणून आणि मुलगा "करू द्या त्यांना" म्हणाला म्हणून गप्प बसले.

केस्लरचा चेहरा बदलला. कराच्या गोष्टीने बदलला नव्हता, याने बदलला. "कोपऱ्याची पट्टी? मी पट्टी विसरलो?"

"बंडल तिथेच आहे."

तो विटांवर बसला. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "बिलं हिल्डे लिहायची."

हिल्डे म्हणजे त्याची बायको. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखायचे. दर महिन्याच्या सुरुवातीला तिचा फोन यायचा, महिन्याच्या मालाचं एकत्र बिल पाठवा म्हणून. एखादं पोतं जास्त लागलं असेल तर ती बरोबर पकडायची. न्हाणीच्या कामाच्या आदल्या हिवाळ्यात ती गेली होती. दुकानातून आम्ही सगळ्यांनी सही करून सांत्वनाचं कार्ड पाठवलं होतं. नंतर फोन यायचे बंद झाले, आणि मी त्याचा पुढे काही विचार केला नाही.

"मला फरशी लावता येते," केस्लर म्हणाला. "बाकी सगळं तिच्याकडे होतं. ती गेल्यापासून पत्रं येतात, मी ती खोक्यात टाकतो. उघडतच नाही. बिल लिहायचं म्हटलं तर नंबर कुठला, तारीख कुठली, काही माहीत नाही. म्हणून म्हणायला लागलो, ओहने, बिलाशिवाय. एक कागद कमी."

मी त्याला लबाड समजून यार्डात आणलं होतं. लबाडी होतीच, कर बुडालाच होता. पण त्या दिवशी काउंटरवर मी तोंड उघडलं असतं तर सायलीने बिल मागितलं असतं, आणि बिल मागितल्यावर या माणसाला वर्षभर आधीच कोणापाशी तरी सांगावं लागलं असतं की मला ते लिहिता येत नाही. माझ्या गप्प बसण्याने दोघांचंही नुकसान झालं.

"मी शनिवारी जातो त्यांच्याकडे," तो उठत म्हणाला. "फरशी काढावी लागेल. पुन्हा पहिल्यापासून."

"आणि या वेळी बिल."

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर. मग जरा थांबून, "पण कसं?"

त्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत तो तीनदा आला. आम्ही मागच्या खोलीत, जेवायच्या टेबलावर बसायचो. त्याच्यासमोर हिल्डेने लिहिलेली जुनी बिलं, माझ्यासमोर डबा. मी सल्ला दिला नाही. फक्त हिल्डेच्या बिलात कुठल्या ओळीत काय आहे ते वाचून दाखवलं. इथे तुमचं नाव, इथे गिऱ्हाइकाचं. इथे कर-नंबर. हा बिलाचा क्रमांक, मागच्याच्या पुढचा, मध्ये गाळायचा नाही. काम कधी केलं ती तारीख. काय केलं ते. मग नेटो, मग एकोणीस टक्के, मग एकूण. मजुरी वेगळी दाखवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आयकरात ती मागता येते.

तिसऱ्या दिवशी हेर फोग्ल कॉफी घ्यायला आत आले. टेबलावरचे कागद पाहिले. केस्लरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"माह्लत्साइट," ते म्हणाले. दुपारी जेवणाच्या वेळी इथे सगळे एकमेकांना म्हणतात तेच. आणि कॉफी घेऊन बाहेर गेले.

पुढे केस्लर न उघडलेल्या पत्रांची दोन खोकी घेऊन एका परवानाधारक करसल्लागाराकडे गेला, एवढं मला त्याच्याकडूनच कळलं. बिलाशिवाय केलेली कामं त्याने सगळी सांगून टाकली. त्याला किती भरावं लागलं हे मी विचारलं नाही. त्या शरद ऋतूत त्याने त्याची नवी व्हॅन विकली आणि जुन्यावर आला. मला दोष दिला नाही. पण पूर्वी काउंटरवर पाच मिनिटं जास्त थांबायचा, तसा पुन्हा कधी थांबला नाही.

सायली आणि निखिल यांनाही रोख दिलेल्या पैशांबद्दल त्याच सल्लागाराला भेटावं लागलं. ते प्रकरण थोडक्यात मिटलं, पण सायलीची दोन महिन्यांची झोप गेली. आणि पहिल्या कामाचे सहा हजार तर गेलेच.

दुरुस्तीची मजुरी केस्लर लावणार नव्हता. सायली म्हणाली, अर्धी लावा आणि बिल द्या, फुकटच्या कामावर मला पुन्हा भांडता येणार नाही. बिल आल्यावर तिने मला विचारलं, किती दिवस ठेवायचं? मी म्हटलं, कायद्याने दोन वर्षं तरी ठेवावंच लागतं, पण तू पाच वर्षं ठेव, कारण अशा कामाची जबाबदारी त्याच्यावर पाच वर्षं असते. या वेळी मी काउंटरवर उभी राहून, मोठ्याने, मराठीत सांगितलं.

ती "बरं" म्हणाली. पूर्वी ती "थँक्यू काकू" म्हणायची. तेवढा फरक पडला होता, आणि तो पडायला हवाच होता.

दुरुस्तीच्या दिवसांत एकदा तिचा फोन आला. केस्लर आणि अप्पांचं काहीतरी बिनसलंय, मी मीटिंगमध्ये आहे, येता का? मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. न्हाणीची जुनी फरशी निघाली होती. जमिनीवर आणि भिंतीवर जलरोधक थर लावून झाला होता, कोपऱ्यांना पट्ट्या बसल्या होत्या, एकूण एक. केस्लरला त्यावर नवी फरशी लावायला घ्यायची होती. अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते आणि त्याला आत जाऊ देत नव्हते.

"ताई, याला सांगा. स्लॅबवर आम्ही पाणी भरून एक दिवस ठेवायचो. नंतरच पुढचं काम. इथेही भरा. मोरीचं तोंड बंद करा, दोन बोटं पाणी भरा, उद्या खाली जाऊन बघू."

मी भाषांतर केलं. मला वाटलं केस्लर चिडेल. त्याने अप्पांकडे बघितलं, खिशातल्या दोन पेनांकडे बघितलं, आणि विचारलं, "हे पूर्वी काय काम करायचे?"

"सरकारी बांधकामावर देखरेख करायचे. चौतीस वर्षं."

"आल्झो," केस्लर म्हणाला, म्हणजे ठीक तर, आणि नळी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही चौघं केलरमध्ये उतरलो. अप्पा, केस्लर, सायली, मी. वर चोवीस तास पाणी उभं होतं. जुना काळा डाग तसाच दिसत होता, तो पुसायचा राहिला होता. केस्लरने त्याच्या मधोमध तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हात काढून अप्पांना जागा करून दिली. अप्पांनी आपला हात ठेवला, मग बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"ट्रोकन," केस्लर म्हणाला.

"कोरडं," अप्पा म्हणाले.

सायलीने भिंतीला पाठ टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

जिन्याच्या वरच्या टोकाला माई उभ्या होत्या. त्यांना खाली उतरता येत नव्हतं. "अहो, काय झालं? गळतंय का?"

"नाही गळत," अप्पा ओरडून म्हणाले.

"मग मी आंघोळीला जाऊ?"

केस्लरने मला विचारलं, त्या काय म्हणताहेत? मी सांगितलं. तो बोटांवर मोजत हिशेब करायला लागला. पाणी काढायचं, फरशी लावायची, सांधे भरायचे, ते वाळायचे. मग जिन्याकडे तोंड करून, त्यांना कळेल अशा बेताने, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "फ्राय-टाग."

"शुक्रवारी, माई," मी म्हटलं.

"बरं. शुक्रवारी तर शुक्रवारी," माई म्हणाल्या, आणि भिंतीला धरत चहा टाकायला गेल्या.

शुक्रवारी अकरा वाजता सायलीचा फक्त एक मेसेज आला. माई न्हाणीत आहेत, वीस मिनिटं झाली, बाहेर यायला तयार नाहीत.